चार बोटांची उंची

मी एक जुनी गादी आहे. झोपायची नव्हे, बसायची. आणि बसायची म्हणजे घरातल्या सोफ्यावरची नव्हे. मी विमान चालवणाऱ्या माणसाच्या खुर्चीतली गादी आहे. हसू आले ना? येऊ द्या. मित्रांनो, मला हसणाऱ्यांची सवय आहे. माझ्या दुःखाची सुरुवातच एका हसण्यापासून झाली, म्हणून तुमचे हसणे आधीच उरकून घेतलेले बरे.

माझे दोन भाग आहेत. एक खाली घालायचा, चार बोटे जाड. दुसरा पाठीला लावायचा, तीन बोटे जाड. मधे जाड कापडाचा जोड आहे, त्यामुळे माझी पुस्तकासारखी घडी होते. आत घट्ट फोम आहे. बाहेरून मात्र माझ्यावर मोठमोठी नारिंगी फुले आहेत. ती फुले मी मागून घेतलेली नाहीत, हे लक्षात असू द्या.

मला ज्यांनी शिवले त्यांना मी बाबा म्हणते. त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही. बाबांचे दुकान मोटारींच्या सीट शिवण्याचे. टायरवाला आणि काचवाला यांच्या मधला तो एकच गाळा. शटर वर केले की उजव्या हाताला शिलाई मशीन, डाव्या हाताला कापडाचे तागे आणि भिंतीला टेकून फाटक्या सीटांची रांग. बाबांचा हात बोलायचा, तोंड कमी. एखाद्या जुन्या सीटवर ते अंगठा दाबून पाहत आणि मालकाला सांगत, "तुम्ही डावीकडे झुकून बसता. कंबर दुखत असेल." मालक तोंडात बोटे घालायचा. बाबांना सीट पाहून माणूस कळायचा.

त्यांच्या मुलीला सगळे लवंगी म्हणत. लवंगी मिरची दिसायला एवढीशी, पण चावली की डोळ्यांत पाणी आणते. तशीच ती होती. वैमानिक व्हायचे म्हणून तिने घर डोक्यावर घेतले आणि शेवटी प्रशिक्षण शाळेत नाव घातलेच. उंचीच्या नियमात ती अगदी काठावर बसली. पण नियमात बसणे वेगळे आणि विमानात बसणे वेगळे. शाळेचे विमान जुने. खुर्ची पुढे सरकवून शेवटच्या खाचेत अडकवली, तरी तिचा पाय पेडलला नुसता लागायचा. ते शेवटपर्यंत दाबले जायचे नाही. आणि विमानाच्या नाकावरून धावपट्टी अर्धीच दिसायची.

तिला शिकवणारे मास्तर म्हणजे पिकल्या मिशांचा, तोडून बोलणारा माणूस. ते म्हणाले, "पेडल पूर्ण दाबता येत नाही तोवर तुला एकटीला वर सोडणार नाही. पाठीमागे काहीतरी घाल, खाली काहीतरी घाल. काय घालायचं ते तू बघ."

दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः विमानांच्या शेडमध्ये आले. खिशात टेप होती, पण ती त्यांनी काढलीच नाही. लवंगीला खुर्चीत बसवले, पेडल पूर्ण दाबून धरायला सांगितले आणि तिच्या पाठीमागे उरलेल्या फटीत बोटे घातली. तीन. मग तिला हातांच्या जोरावर अंग वर उचलून धरायला लावले, धावपट्टी नीट दिसेपर्यंत, आणि खाली बोटे घातली. चार. झाले माझे माप. मी टेपने मोजलेली नाही मित्रांनो, बापाच्या बोटांनी मोजलेली आहे.

कापड मात्र उरलेले वापरले. कुठल्याशा दिवाणखान्याच्या सोफ्याचे ते कापड, विणीला घट्ट, घामाने न सरकणारे. लवंगीची आई म्हणाली, "अहो, फुलं जरा जास्तच झाली."

"फुलं तिच्या खाली जाणार. कोण बघतंय?" बाबा म्हणाले.

बघणारे होते. पहिल्याच दिवशी तिच्या वर्गातल्या एका उंच मुलाने, ज्याला सगळे लंबू म्हणत, मला पाहिले आणि शेडभर ऐकू जाईल असे विचारले, "लवंगी, सोफा आणलास, टीपॉय कधी आणतेस?" सगळे हसले. तीही हसली. लंबू मनाचा वाईट नव्हता. पण विनोद एकदा चालला की माणूस तो रोज वापरतो, आणि रोजचे हसणे एखाद्या मऊ जागीसुद्धा घट्टा पाडते.

मी मात्र माझ्या कामात सुखी होते. बुडाखालचे काम म्हणून कोणी कमी लेखू नये. मास्तर पहिल्या धड्यालाच म्हणाले होते, "वारा डोळ्यांना दिसत नाही, कानांना उशिरा कळतो. तो आधी बुडाला कळतो. विमान बाजूला घसरायला लागलं की तू खुर्चीत घसरतेस. तिकडे लक्ष दे." म्हणजे वाऱ्याचा पहिला निरोप माझ्याकडे यायचा आणि मी तो तिला द्यायची. माझा उजवा काठ दबला की विमान उजवीकडे चालले. इतके सोपे.

सोपे म्हणते खरी, पण आडव्या वाऱ्यात विमान उतरवणे हे मोठे जिकिरीचे काम आहे. आमची धावपट्टी एकच आणि दुपारचा वारा बरोबर तिच्या आडवा. शिवाय तो एकसारखा वाहणारा वारा नव्हता. गप्प राहायचा आणि मधेच झोत मारायचा. मास्तर समजावत, "वारा डावीकडून आहे ना? मग नाक डावीकडे ठेव आणि खेकड्यासारखी तिरकी ये. चाकं टेकायच्या आधी एक क्षण उजवं पेडल दाब, नाक सरळ कर. डावा पंख थोडा खाली, वाऱ्याच्या अंगावर. आधी डावं चाक टेकेल, मग उजवं. एका पायावर उतरायचं, घाबरायचं नाही. आणि जमत नाही असं वाटलं तर पुन्हा वर जायचं. वर जाण्यात लाज नाही."

लवंगीला ते जमेना. ती कधी पेडल लवकर दाबायची आणि सरळ झालेले विमान वाऱ्याबरोबर कडेला वाहत जायचे. कधी उशिरा दाबायची आणि तिरक्या टेकलेल्या चाकांची किंकाळी माझ्या फोमपर्यंत पोहोचायची. "लवकर!" मास्तर म्हणायचे. पुढच्या फेरीत "उशीर!" म्हणायचे. तिसऱ्या फेरीत ते काहीच म्हणायचे नाहीत, आणि ते सगळ्यांत वाईट असायचे.

मग घरी एक वेगळीच शाळा सुरू झाली. दुकान बंद करून बाबा आले की लवंगी जेवणाच्या खुर्चीत मला घालून बसायची. समोर पेडलच्या जागी दोन विटा. हातात लाटणे. आणि बाबा वारा व्हायचे! ते तिच्या डाव्या अंगाला उभे राहत, गप्पा मारता मारता न सांगता खुर्चीला धक्का देत, आणि तिने त्याच क्षणी उजवी वीट दाबायची. कधी जोराचा, कधी नुसता बोट लावल्यासारखा. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "खुर्ची मोडाल, मग उतरा जमिनीवर!" मला त्या संध्याकाळी सगळ्यांत जास्त आठवतात. रोज ती दारात पाऊल टाकायची आणि बाबा पहिला प्रश्न विचारायचे, "आज वारा कुठून होता?" मग ती चपला काढण्याआधी सगळे सांगायची. कुठून आला, किती जोराचा होता, कुठे फसवले.

आणि एक दिवस ते जमले. डावे चाक टेकले, मग उजवे, मग नाक हळूच खाली. माझा एकही काठ दबला नाही. मास्तरांनी काही न बोलता हाताची घडी घातली. त्यांच्या लेखी ती शाबासकीच होती. त्या दिवशी बाबांनी सगळे ऐकून घेतले आणि माझ्यावर अंगठा दाबून पाहिला. "अजून दबली नाही," म्हणाले. मित्रांनो, माझ्या आयुष्यात माझे झालेले कौतुक ते एवढेच. पण मी त्यावर आजवर जगले आहे.

आता ज्या दिवसाबद्दल बोलायला जीव धजत नाही, त्या दिवसाकडे येते.

त्या दिवशी लवंगी आडव्या वाऱ्यात पहिल्यांदा एकटी उडणार होती. त्याच सकाळी शाळेच्या माहितीपत्रकासाठी एक फोटोवाला आला होता. त्याने लवंगीला विमानाजवळ उभे केले. मी तिच्या काखेत होते. लंबू मागून म्हणाला, "फोटोत बागही येऊ दे की!" फोटोवालाही हसला. तिने मला शेडच्या दारापाशी असलेल्या बाकावर ठेवले. "दोनच मिनिटं," असे ती पुटपुटली, मला की स्वतःला, देव जाणे.

फोटो झाला. वाऱ्याची दिशा आणि जोर दाखवणारी खांबावरची पट्टेरी कापडी पिशवी फुगून वर येऊ लागली होती. टॉवरच्या जिन्यावरून मास्तरांनी हाक मारली, "चल, वारा वाढायच्या आत दोन फेऱ्या कर. पिशवी पूर्ण आडवी झाली की उतरायचं!" ती निघाली. दहा पावले गेली आणि थांबली. तिने वळून पाहिले.

मित्रांनो, हे नीट ऐका. ती मला विसरली नव्हती. तिने मला पाहिले. माझ्या शेजारी बाकावर लंबू पाय पसरून बसला होता आणि फोटोवाला त्याला काहीतरी दाखवत होता. मला उचलायचे तर त्यांच्यासमोरून यावे लागले असते. तिने क्षणभर विचार केला, केसांवरून हात फिरवला आणि तशीच विमानाकडे गेली. मला हाक मारता आली असती तर! पण गादीला तोंड नसते. मी माझी सगळी फुले घेऊन बाकावर पडून राहिले.

पहिल्या वेळी ती उतरता उतरता पुन्हा वर गेली. शहाणपणा केला, असे मला वाटले. तोवर पिशवी आडवी झाली होती. दुसऱ्या वेळी ती तिरकी, बरोबर खेकड्यासारखी आली. चाके टेकायच्या आधी नाक सरळ व्हायला हवे होते. ते अर्धेच सरळ झाले. तेवढ्यात डावीकडून झोत आला. विमान तिरकेच टेकले, उडाले, पुन्हा टेकले आणि नाक वाऱ्याकडे वळवत धावपट्टी सोडून डावीकडच्या मोठ्या नाल्यात शिरले. एक पंख वर राहिला. बाकी काळा चिखल उडाला तो मला बाकावरून दिसला. मग सगळे धावले. बाक रिकामा झाला. एकटी मीच उरले.

पुढे तिच्या तोंडून कळले ते असे. उजवे पेडल शेवटची तीन बोटे खाली जाईना. म्हणून ती खुर्चीत घसरून पुढे गेली आणि पायाला ताण दिला. पाय पोहोचला, पण डोळे खाली गेले आणि धावपट्टीच दिसेनाशी झाली. धावपट्टी पाहायला वर सरकली, तर पाय सुटला. माझे काम नेमके तेवढेच होते, आणि मी तिथे नव्हते.

लवंगीचा डावा पाय दोन ठिकाणी मोडला. जीव वाचला, हे नशीब. शाळेच्या मिस्त्रीने तिच्या वस्तू गोळा केल्या. चिखलाने भरलेली बॅग एका गोणीत, आणि मी त्याच्या काखेत. "ही पण तिचीच," असे म्हणून त्याने मला बाबांच्या हातात दिले. बाबा मला तसेच घेऊन दवाखान्यात आले. मास्तर बाहेर उभे होते. त्यांनी बाबांचा हात धरला. "चूक माझी. वारा वाढत होता, मी पाठवायला नको होतं."

आत लवंगी पायाला वजन बांधून पडली होती. बाबा स्टुलावर बसले, मी त्यांच्या मांडीवर.  मग त्यांनी विचारले, "गादी सरकली का गं? का फोम दबला? मला सांग. माझ्या हातून काही राहिलं का?"

तिने माझ्याकडे पाहिले. दुसऱ्यांदा पाहिले. एवढेच म्हणायचे होते, "बाबा, ती माझ्याजवळ नव्हती." चार शब्द. ती म्हणाली, "माहीत नाही, बाबा. वारा होता." आणि तोंड भिंतीकडे फिरवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी मला दुकानात टेबलावर ठेवले आणि उसवले. टाका टाका उसवला. फोम बाहेर काढून चारी बाजूंनी दाबला, उजेडात धरला, वाकवला. स्वतःची चूक शोधणारा माणूस तुम्ही कधी पाहिला आहे का? नसलेली चूक शोधताना तर पाहू नये. मग त्यांनी माझे कापड टेबलावर पसरले, फुलांवरून हात फिरवला, उलटे केले, पुन्हा सुलटे केले. आणि त्यांचा हात थांबला. किती तरी वेळ थांबला. मला वाटले, दोष सापडला नाही म्हणून थांबला. नंतर त्यांनी मला पुन्हा जसेच्या तसे शिवले आणि दारासमोरच्या फळीवर, येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल असे ठेवून दिले.

चार महिन्यांनी लवंगी पुन्हा उडायला लागली. पण मला घ्यायला आली नाही. तिने बाजारातून एक काळी गादी आणली, पट्ट्याची, बिनफुलांची. बाबांनी तिच्यावर अंगठा दाबून पाहिला. "फोम चांगला आहे," म्हणाले. त्यापेक्षा त्यांनी ती गादी रस्त्यावर फेकली असती तर बरे झाले असते.

तिला परवाना मिळाला, लांबच्या गावी नोकरी मिळाली. घरी यायची ती पाहुण्यासारखी. दुकानात यायची तेव्हा फळीकडे पाठ करून उभी राहायची. बाबा तिला जेवलीस का, झोप होते का, सगळे विचारायचे. पण "आज वारा कुठून होता?" हे त्यांनी पुन्हा कधीच विचारले नाही. मी फळीवर धूळ खात बसले. माझी फुले उन्हाने फिकी पडली. मला वाटायचे, बाबांनी स्वतःच्या चुकीची आठवण म्हणून मला समोर ठेवले आहे. जळो ती आठवण, असेही वाटायचे. अशी सात वर्षे गेली.

परवा ती आली. न कळवता आली. बाबांच्या डोळ्यांना आता कमी दिसते. मशीन झाकलेलेच असते. ती सरळ आत आली, फळीवरून मला काढले, पदराने पुसावे तसे ओढणीने पुसले आणि मला मांडीवर घेऊन बाबांसमोर बसली. आता तीच नव्या मुलामुलींना शिकवते. त्या आठवड्यात तिच्याकडची एक बुटकी मुलगी चारजणांत लाज वाटली म्हणून आपली उशी कपाटात ठेवून विमानात जाऊन बसली होती. लवंगीने विमान थांबवले आणि स्वतः पळत जाऊन ती उशी आणली. "तिला रागावले, बाबा," ती म्हणाली, "आणि माझं मलाच ऐकवेना. तुमची गादी त्या दिवशी विमानात नव्हतीच. मी बाकावर ठेवली. मुद्दाम. फुलांची लाज वाटली म्हणून. तुमची काही चूक नव्हती."

 बाबा म्हणाले, "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"उसवली त्या दिवसापासून. विमान नाल्यात लोळलं, तुझे कपडे कापून काढावे लागले, आणि गादीवर चिखलाचा एक ठिपका नाही? मी सीट बघून माणूस ओळखतो गं. माझी गादी कुठे होती ते मला कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. गादी समोरच ठेवली होती. वाऱ्याचं विचारलं असतं तर गादीचंही विचारावं लागलं असतं. म्हणून तेही विचारलं नाही."

लवंगी माझ्यावर तोंड ठेवून रडली. सात वर्षे मी चुकीच्याच दुःखाला कुरवाळत होते, हे मला तेव्हा कळले. मला उसवले त्या दिवसानंतर बाबांना आपल्या शिवणीबद्दल क्षणभरही शंका नव्हती. ते लेकीच्या एका वाक्याची वाट पाहत होते.

तिचे रडणे थांबल्यावर ते म्हणाले, "उद्या मास्तरांकडे जा. त्यांना मी काही बोललो नाही. ते तुझं काम आहे." ती हो म्हणाली. मग त्यांनी चाचपडत हात पुढे केला, माझ्यावर अंगठा दाबला आणि सात वर्षांनी विचारले, "आज वारा कुठून होता?"

तिने सांगितले. कुठून आला, किती जोराचा होता, कुठे फसवले. पण मित्रांनो, तो एका दिवसाचा वारा होता. मधल्या अडीच हजार संध्याकाळींचा वारा तिला आता आठवत नव्हता, आणि बाबांना तो आता कुणी सांगणार नव्हते. ते कापड फाटले ते फाटलेच. त्याला ठिगळ लावता येत नाही.

म्हणून मी तुमच्याकडे माझ्यासाठी काही मागत नाही. मी आता बाबांच्या खुर्चीत असते, त्यांच्या पाठीला. तुमच्यासाठी मागते. जी वस्तू तुम्हाला चार बोटे उंच करते, तिच्यावर कसलीही फुले असोत, ती चारचौघांतून उचलून न्या. आणि एखाद्या दिवशी नाही उचलवली, लाज वाटली, तर घरी गेल्यावर तेवढे एक वाक्य त्याच संध्याकाळी सांगून टाका. चपला काढण्याआधी.